खांद्याचं मलम

ही गोष्ट आजवर माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. तुमच्यापुढे तरी पडते का, बघू — मघापासून दोनदा उठून अंगणात जाऊन आलो.

मी अमडापूरचा. शाळामास्तर म्हणून निवृत्त झालो. मी फळ्याकडे वळलो तरी वर्ग गप्प असायचा, असा माझा दरारा. निवृत्तीनंतर मात्र सगळंच ओसरलं. दुपारभर खाटेवर लोळायचो, दंड सैल पडले, बायकोजवळ जायची इच्छाही विझली. अकोल्याच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. टेस्टोस्टेरॉन फार कमी झालंय म्हणाले, आणि रोज सकाळी खांद्याला चोळायचं जेल दिलं. पुरुषपणाचं औषध — घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? मी सुमनला, म्हणजे बायकोला, सांगितलं की खांदा धरलाय, त्याचं मलम आहे.

खांदा दुखतो म्हटल्यावर ती स्वस्थ बसते होय? "द्या इकडे, तुमचा हात नाही पुरत," म्हणाली, आणि रोज स्वतःच चोळून देऊ लागली.

बाईमाणसाचा हात याला लागू देऊ नका, कातडीतून तिच्याही अंगात उतरतं — डॉक्टरांनी बजावलं होतं. मी विसरलो नव्हतो. एक दिवसही नाही. पण नको म्हटलं असतं, तर तिनं कारण विचारलं असतं. आणि खरं सांगू? माझ्या अंगात हुशारी येत होती. तिचे हात बरे वाटत होते.

काही महिन्यांत तिच्या हनुवटीवर राठ केस आले. मग आवाज पुरुषासारखा जाड झाला. पंधराव्या वर्षी ज्यानं माझा आवाज फुटला, त्यानंच साठीला तिचा फोडला. भजनी मंडळात सुरुवात तीच करायची — आता सूर चढेना. "काऊन असं झालं हो माह्या गळ्याले?" तिनं विचारलं. "वय झालं," मी म्हणालो. वर्गात स्वतःची चूक झाकताना लागायचा, त्याच ठाम आवाजात. तिनं मंडळात जाणं सोडलं.

मी जेल बंद केलं. केस कमी झाले. आवाजाचं डॉक्टरांना एकट्यानं जाऊन विचारलं — तो बहुधा परतायचा नाही, म्हणाले.

परवा नातीचा फोन आला. सुमननं उचलला, हॅलो म्हणाली. पलीकडून पोर म्हणाली, "आबा, आजीले दे ना फोन."

सुमननं फोन माझ्या हातात दिला आणि आत गेली. मी नातीला सांगितलं, आजी झोपलीय.