नव्वद अंशांत फिरवलेला तळमजला

"मॅडम, हे 'तळमजला' आहे? मला तर नुसते खांब दिसतायत."

लिफ्ट कंपनीचे इंजिनिअर डिस्प्लेपासून दहा पावलं मागे उभे होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले. खरंच खांब दिसत होते.

आमची कंपनी महापे एमआयडीसीत. लिफ्टचे डिस्प्ले बनवते. मी फर्मवेअर बघते, म्हणजे डिस्प्लेतल्या चिपला काय दाखवायचं ते सांगणारा प्रोग्राम लिहिते. आमच्याकडे अक्षर म्हणजे ठिपक्यांची जाळी. कुठला ठिपका पेटवायचा, कुठला विझवायचा, एवढंच. अशा सगळ्या अक्षरांच्या संचाला बिटमॅप फॉन्ट म्हणतात. या क्लायंटला आमचा आडवा डिस्प्ले उभा बसवायचा होता. चिप एवढीशी, ऐनवेळी अक्षर फिरवायची तिच्यात ताकद नाही. म्हणून अक्षरं आधीच फिरवून तिच्यात भरावी लागतात.

हे काम आजवर पाटीलकाका हाताने करायचे. काका घणसोली गावातले, साठीचे, कॉन्ट्रॅक्टवर. आमचे सगळे फॉन्ट त्यांनीच पेन्सिलीने कागदावर काढलेले. एक फॉन्ट फिरवायला त्यांना तीन आठवडे लागत. मी त्यासाठी एक कमांड-लाइन टूल लिहिलं. त्याला बटणं नाहीत, चित्रं नाहीत. काळ्या खिडकीत एक ओळ टाईप करायची, फॉन्टचं नाव आणि ९०, की एंटर. डोळ्याचं पातं लवायच्या आत सगळी अक्षरं फिरून तयार. चार वेळा फिरवलं की मूळ अक्षर ठिपकानठिपका परत येतं, हेही तपासलं. मी स्वतःवर भलतीच खूश होते. त्याच खुशीत आमचे मॅनेजर शिर्के साहेब यांना मेल लिहिला, की आता हे काम हाताने करायची गरज उरलेली नाही.

काकांचं कॉन्ट्रॅक्ट महिनाअखेर संपत होतं. "सॅम्पल पास झालं की काकांना सांगतो," साहेब म्हणाले. काकांच्या घरी भाडेकरू होते, पोटाचा प्रश्न नव्हता. पण रविवारीसुद्धा हा माणूस अक्षरं काढत बसतो, हे सगळ्या ऑफिसला माहीत होतं.

आणि आता हे खांब.

"मी रबाळ्याला दुसऱ्या कामाला जातोय," इंजिनिअर म्हणाले. "पाचला परत येतो. वाचता आलं तर सही करतो. नाहीतर जुना सप्लायर आहेच."

ते गेल्यावर साहेबांनी विचारलं, "मानसी, टूलमध्ये बग आहे?"

"नाही सर. टूल बरोबर आहे."

"मग हे काय?"

लॅपटॉपवर 'तळमजला' देखणा दिसत होता आणि डिस्प्लेच्या पॅनेलवर त्याची पार वाट लागली होती. शेवटी मी काकांना बोलावलं. बोलावताना लाज वाटली.

काकांनी चष्मा कपाळावर ढकलला आणि पॅनेलला जवळजवळ नाक लावलं.

"पोरी, ठिपका बघ. चौकोनी हाय का?"

मी भिंग घेऊन बघितलं. ठिपका लांबट होता.

"आपला ठिपका उभट. म्हनून शिरोरेघ मी एका ठिपक्याची काढतो न काना दोन ठिपक्यांचा. तुमी पॅनेल कलंडवला, ठिपका पन कलंडला. रेघ झाली बारीक न काना झाला जाडा."

लॅपटॉपचे ठिपके चौकोनी. माझी सगळी तपासणी लॅपटॉपवर झाली होती.

सॅम्पलला 'तळमजला'सारख्या तीन सूचना आणि दहा आकडे लागणार होते. काकांनी कपाटातून कागद काढला. त्यावरच्या चौकटी ठिपक्याच्याच मापाच्या होत्या, त्यांनी स्वतः आखलेल्या. तो आडवा ठेवून ते नव्याने अक्षरं काढायला बसले. "मी सांगतो, तू टाईप कर."

ठिपक्यांच्या प्रत्येक रांगेची चिपसाठी एक संख्या होते. तिच्यात आकड्यांबरोबर ए ते एफ ही अक्षरंही येतात. ती संख्या काढायला मला कागद लागतो. काका समोर सरळ 'त' काढत होते आणि तोंडाने फिरवलेल्या 'त'च्या संख्या सांगत होते. "शून्य तीन. एफ सी. एफ सी. शून्य सहा." मध्येच त्यांनी चहा सांगितला आणि पुढची संख्या सांगितली. टाईप करायचं सोडून मी त्यांच्याकडे बघत राहिले.

"काका, हे फिरवता कुठे?"

"कुठं म्हंजे? मान वाकडी करायची."

मान तर त्यांनी एकदाही वाकडी केली नव्हती.

चारच्या सुमाराला काम संपलं. मी माझं टूल उलटं चालवलं आणि अक्षरं सरळ करून त्यांच्या कागदाशी ताडून पाहिली. एकही ठिपका चुकला नव्हता. चौदा वर्षांच्या नोकरीत मी असं काही पाहिलं नव्हतं.

पाचला इंजिनिअर दहा पावलं मागे उभे राहिले. "तळमजला. दार बंद होत आहे," त्यांनी मोठ्याने वाचलं आणि सही केली. "कुठलं सॉफ्टवेअर वापरलंत?"

साहेब माझ्याकडे बघायला लागले.

"पाटीलकाका," मी म्हटलं.

त्याच आठवड्यात काकांचं कॉन्ट्रॅक्ट वाढलं. आता ठिपक्याचं माप बघून अक्षर काका काढतात, फिरवतं टूल. पण मला चैन पडेना. एके दिवशी त्यांच्या टेबलापाशी जाऊन मी सांगून टाकलं, "काका, तुमचं काम बंद करायचा मेल मीच लिहिला होता."

ते पेन्सिलीला टोक काढत होते. "मना ठाव हाय. सीसीत डिझाइन ग्रुप टाकलावतास. त्या ग्रुपात मी पन हाय."

मी जागेवर येऊन मेलची तारीख बघितली. सॅम्पलच्या आठ दिवस आधीची होती.

आता मी सॅम्पल आधी पॅनेलवर बघते. आणि मेल पाठवण्याआधी सीसी.