दुर्गाबाईंचा पहिला मुद्दा

भंडाऱ्याकडची धानाची शेती भावाकडे सोडून दुर्गा निमजेंचे वडील भिलाईच्या स्टील प्लांटात लागले होते. त्यांची ही मुलगी इथल्याच विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवू लागली आणि केस पिकेपर्यंत शिकवत राहिली. विभागात कायम शिक्षक म्हणून आता ती एकटीच उरली होती. बाकी सगळे गेस्ट लेक्चरर, आज आहेत तर उद्या नाहीत.

विद्यापीठाच्या भविष्याचा आराखडा करायला कुलगुरूंनी समिती नेमली, तीत दुर्गाबाईंना घेतलं. त्या हुरळून गेल्या. सुट्टीतही मुलांशी बोलत फिरल्या. जामुलहून बसने येणाऱ्या मुली म्हणाल्या, प्रॅक्टिकल संपेपर्यंत थांबलो तर बस जाते. दुसरी मुलं म्हणाली, "मॅम, ऑर्गॅनिक पढ़ाने तो कोई आया ही नहीं." दुर्गाबाईंनी बैठकीत पहिला मुद्दा मांडला: आधी कायम शिक्षक भरा, मग बसच्या वेळा, मग बाकीचं.

आराखडा लिहायला बाहेरून आणलेला सल्लागार भूषण गोडसं हसला. "मॅडम, ये रोज़मर्रा की बातें हैं. विज़न में बड़ा सोचना पड़ता है."

"पढ़ाने वाला ही नहीं होगा, तो बड़ा सोचेगा कौन?"

"नोट कर लीजिए," कुलगुरू म्हणाले, आणि चहा आला.

आराखडा छापून आला. सुरुवातीलाच भव्य दीक्षांत सभागृह, मग परदेशी विद्यापीठांशी करार. दुर्गाबाईंचा मुद्दा पार शेवटाकडे सापडला, तोही 'प्रेरित मानव संसाधन' होऊन. बसचा तर पत्ताच नव्हता. समितीच्या नावांत मात्र त्यांचं नाव ठळक होतं.

त्या धुसफुसत घरी आल्या. आई कौशल्याबाई भाजी निवडत बसल्या होत्या.

"काय झालं वं?"

"माझं नाव छापलं माय, माझं म्हननं नाही छापलं."

"मंग सोडून दे ना. कावून डोकं फोडून राहिली?"

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाईंनी समितीचा राजीनामा दिला. तो दुपारच्या आत मंजूर झाला. त्या कार्यालयात इतक्या चटकन कुठलाच कागद कधी हलला नव्हता, हे त्यांना जास्तच झोंबलं.

जामुलच्या मुलींचं प्रॅक्टिकल त्यांनी स्वतःच सकाळी घ्यायला सुरुवात केली. तेवढं त्यांच्या हातात होतं. पण महिनाभरातच मोना ही गेस्ट लेक्चरर वैशाली नगरच्या कोचिंगमध्ये निघून गेली आणि तिचे तासही दुर्गाबाईंवर आले. मोनावर रागवायचं तरी कसं? तिथे तिला निदान वर्षभराची खात्री होती.

प्रयोगशाळेमागे सभागृहाचं खोदकाम सुरू झालं. मशीनच्या धडधडीत मागच्या बाकांना काही ऐकू जाईना. दुर्गाबाईंनी खिडक्या लावल्या, तर आत जीव गुदमरू लागला. त्यांनी पुन्हा त्या उघडल्या आणि घसा ताणून शिकवत राहिल्या.