देलियोने लावलेला सहा नंबर

फिलिपिन्सच्या इलोइलो शहरात, हारो भागातल्या बाजारामागच्या गल्लीत रोदेलियो पाक्लिबार राहतो. त्याचं दुकान नाही, पाटीही नाही. कुणाचं नेट अडलं की दारातून हाक येते आणि बावन्न वर्षांचा देलियो चपला सरकवून निघतो. गल्लीतल्या एक्केचाळीस घरांचे राउटर त्यानेच बसवले आहेत. लोकांच्या तोंडी असलेलं नाव एवढंच त्याचं भांडवल.

कामाची रीत ठरलेली आहे. राउटर बंद करून मिनिटभर थांबायचं, मग वायरी पाहायच्या, मग राउटरची जागा. बहुतेक घरांत तो सांतो निन्योच्या, म्हणजे बाळ येशूच्या, मूर्तीमागे असतो, कारण घरातली उंच आणि पुसलेली जागा तेवढीच. देलियो मूर्तीसमोर क्रुसाची खूण करतो आणि राउटर हातभर पुढे ओढतो. खाल्ल्याशिवाय त्याला कुणी सोडत नाही.

दोनेक वर्षांपासून हाका वाढल्या होत्या. संध्याकाळ झाली की सगळ्या गल्लीचं नेट रांगायचं. "कंपनीकडूनच कमी येतंय," देलियो सांगायचा. काहींना त्याने मोठा राउटर घ्यायला लावला. फरक पडला नाही.

मार्चमधल्या एका मंगळवारी जेर्लिन सुमागायसायने त्याला बोलावलं. ती एका परदेशी दवाखान्याचे फोन घरून घेते. देलियोला ती मानोंग, म्हणजे थोरला भाऊ, म्हणते.

"मानोंग, आठवड्यात दोनदा लाइन तुटली. तिसऱ्यांदा तुटली तर मला घरी बसवतील."

"घरीच तर बसलीयेस."

"हसू नका हो!"

सगळी रीत करून झाली, वेग हलला नाही. तेव्हा देलियोने फोनवर आजूबाजूच्या वायफायची यादी उघडली. आजवर तो त्यात फक्त आपण बसवलेल्या राउटरचं नाव शोधत असे. जेर्लिनने मान वाकवून पाहिलं.

"सगळ्यांच्या पुढे सहाच कसा?"

वायफाय हवेतून ज्या वाटांनी जातं, त्यांना नंबर असतात. त्यातल्या एकमेकींत न घुसणाऱ्या तीनच: एक, सहा आणि अकरा. नऊ वर्षांपूर्वीचे राउटर आपोआप वाट बदलायचे आणि लाइन तुटायची, म्हणून देलियोने त्यांना सहावर पक्कं केलं. तेव्हा गल्लीत तीन राउटर होते. पुढे राउटर वाढत गेले, हात मात्र सहाच लावत राहिला.

"कंपनीनेच सगळ्यांना एकच नंबर दिलाय वाटतं," जेर्लिन म्हणाली. "मेले!"

देलियोने राउटरचं सेटिंग उघडलं. त्याने तिचा राउटर अकरावर नेला. वेग चारवरून अडतीसवर गेला.

"माझ्या मावशीकडेही हाच अकरा लावा ना!"

मावशी शेजारणीला सांगणार, शेजारीण पुढच्या घराला. महिन्याभरात सगळी गल्ली अकरावर येऊन पुन्हा रांगू लागली असती. तीन नंबर वाटायचे तर प्रत्येक दारी जाणं भाग होतं, आणि कारण सांगणंही.

"कंपनी नाही," देलियो म्हणाला. "सहा मीच लावलाय. सगळीकडे."

जेर्लिन म्हणाली, "जरा गोड करून सांगा लोकांना."

"गोड केलं की लोक कॉफीला बसवतात. एक्केचाळीस घरं आहेत."

पहिलं दार कोन्सिंगचं; थोरली म्हणून सगळे तिला मानांग म्हणतात. तिने त्याच्या सांगण्यावरून मोठा राउटर घेतला होता.

"तो बघ, खेकड्यासारखा हात वर करून उभाय. आणि खोट तुझ्या सहात होती?"

"हो, मानांग."

"दोन वर्षं मी कंपनीच्या पोरीला फोनवर शिव्या घालतेय!"

"हो."

"हो काय हो? चपला काढ आणि आत ये."

काम नऊ दिवस चाललं. काहींनी ऐकून घेतलं, काहींनी ऐकवलं. जेर्लिनची लाइन पुन्हा तुटली नाही. तीन घरांनी मात्र त्याला फाटकातूनच परत पाठवलं आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाला बोलावलं. त्या माणसाने राउटर बंद करून चालू केले. नंबर सहाच राहिला.

देलियोने त्या तीन घरांच्या शेजाऱ्यांना एक आणि अकरा दिला, म्हणजे सहाची वाट मोकळी राहील. त्यांचं नेट आता चांगलं चालतं. ती घरं त्या दुसऱ्या माणसाचं नाव घेतात.