संचलनातली आबांची जागा

गारगोटीकडच्या आमच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. सव्वीस जानेवारीला माजी सैनिकांचं संचलन निघतं, ते आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी सुरू केलं. तेव्हा पेन्शनीवर आलेले सात जण होते, ना बँड ना बॅनर. पहिल्या वर्षी लोक दारात येऊन हसले म्हणे. आबा हट्टाला पेटले. पुढच्या वर्षी बारा जण झाले, मग शाळेचा बँड आला, मग कोल्हापूरहून फेटे आले.

रीतही त्यांचीच. वर्षभरात जो सोबती गेला, त्याची रांगेतली जागा त्या वर्षी रिकामी ठेवायची. ती जागा दारासमोर आली की बायका तिच्यावर झेंडूच्या पाकळ्या टाकतात. पुढच्या वर्षी रांग पुन्हा जुळवून घेतात.

यंदा दिवाळीनंतर आबा गोठ्यात घसरले आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं, पण पाऊल उचलेना. "सव्वीसला चालतोय बघ मी," असं ते रोज म्हणायचे आणि मी रोज "व्हय की" म्हणायचो. चार दिवस आधी संचलनाचं बघणारा निवृत्त हवालदार घरी आला. "काकांच्या जागंवर दुसरा घिऊ का?" त्यानं मला बाजूला घेऊन विचारलं. मला ते सहनच झालं नाही.

"कुणाला घ्यायचं न्हाय. जागा तशीच ठेवा," मी तोऱ्यात म्हणालो. त्यानंही मान डोलावली. आबांचा मान राखला, असं दोघांनाही वाटलं. आमची अक्कल चरायला गेली होती.

त्या सकाळी आबांना फेटा बांधला, पदकं लावली आणि दाराशी खुर्चीत बसवलं. संचलन संपलं की चहा आमच्याकडंच असतो, म्हणून आई आत चुलीपाशी होती. बँड वाजत आला. पहिल्या रांगेतली उजवीकडची जागा मोकळी होती. समोरच्या काकूंनी ओंजळभर पाकळ्या टाकल्या, त्यांचं बघून शेजारणीनंही टाकल्या. जागा कुणाची, हे हात रिकामे झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं असावं.

"अरं, मी हाय की अजून! भरा ती जागा!" आबा ओरडले. ढोलापुढं त्यांचा आवाज पोहोचला नाही, आणि चालणाऱ्यांची नजर तर समोरच. मी खुर्चीची पाठ धरून उभा राहिलो. धावत जाऊन आता कुणाला काय सांगणार? लाजेनं मेल्यासारखं झालं.

रांग वळणाआड गेली. आबा रस्त्यावरच्या पाकळ्यांकडं बघत होते.

"खराटा घे," ते हळूच म्हणाले. "तुझी आई भाईर यायच्या आत तेवढं लोटून काढ."

मी खराट्यासाठी वळलो. आई चहाचं पातेलं धरून उंबऱ्यात उभी होती.