बॉनेटची पत्रिका

शिरूर-दौंड पट्ट्यातील समस्त जनतेला कळवण्यास अत्यंत दुःख होते, की माझ्या वडिलांच्या अँबॅसडरने उसाच्या ट्रॉलीचा मुका घेतला आणि तिचं बॉनेट वाकडं झालं. दोनच दिवसांनी त्याच गाडीतून लेकीची पाठवणी करायची होती.

मी आणि बायको गाडी घेऊन केडगावच्या डेंटरकडे धावलो. हा गृहस्थ माणसांपेक्षा गाडीशी जास्त बोलतो. ‘रुसू नको बाय, सरक वाईच,’ म्हणत बिजागरीचे बोल्ट ढिले करतो आणि बॉनेटला मांडीने रेटतो. फट मोजायला त्याच्याकडे मोजपट्टी नाही, लग्नपत्रिका असते. ती बॉनेटच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून सारखीच सरकली पाहिजे.

दुपारी बॉनेट बसलं. मी म्हणालो, “झालं की. चालंल एवढं.”

“तुम्हाला चालंल. ही जलमभर तोंड वाकडं करून हिंडंल, त्याचं काय?” असं म्हणून त्याने बसवलेलं बॉनेट पुन्हा सोडलं.

आमंत्रण म्हणून मी त्याच्या हाती लेकीची पत्रिका ठेवली. त्याने ती वाचली नाही. चिमटीत धरून जाडी पाहिली आणि थेट फटीत सारली. उजवीकडून सुळकन गेली. डावीकडे मात्र पत्रिकेवरचा उठावाचा गणपती अडकला. बॉनेट तिसऱ्यांदा सुटलं.

दिवस कलताना पत्रिका गणपतीसकट दोन्हीकडून पार झाली.

“जुळली पत्रिका!” तो म्हणाला.

माझी बायको पटकन बोलून गेली, “आमच्या वेळी भटजीनं एवढी बघितली असती, तर मी कशाला फसले असते!”