गोणपाटामागचे आलू

राळेगावच्या आठवडी बाजारात कडुनिंबाखाली एक म्हातारे चाचा सळईवर कबाब भाजत. कबाबासोबत जे आलू मिळत, ते मी करत होते. ही गोष्ट बाजारात कोणाला माहीत नव्हती, आणि ती कोणाला कळली नाही तरच आमची चूल पेटणार होती.

आम्ही बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा आमच्या वस्तीने मेलेली ढोरं ओढणं सोडलं. पुढच्या उन्हाळ्यात पाटलाचा बैल मेला. पाटलाच्या पुतण्याने माझ्या पतीला बोलावणं धाडलं. हे गेले नाहीत. मग तोच माणसं घेऊन आमच्या दारात आला आणि यांच्या तोंडावर बंडीचा दांडा, उभारी, उपसून हाणली. समोरचे दात अंगणात पडले. मी ते मातीतून वेचले, कशासाठी ते मलाही कळलं नाही. बैल तिकडे फुगत राहिला आणि इकडे यांचं तोंड सुजत गेलं. त्यानंतर गावात कोणी आम्हाला निंदणालाही बोलावेना. चाचांनी काम दिलं नसतं तर यांना पुन्हा ढोरं ओढायच्या दोराला हात लावावा लागला असता.

चाचांची बायको वारली होती. ती असताना गोणपाटाच्या आडोशामागे बसून आलू करायची. तिच्या जागी मी बसू लागले. कोणी ओळखू नये म्हणून हे तोंडाला फडकं गुंडाळून मांस तोडत आणि कोळसे फुलवत. चाचांची लेक परद्यात बसली आहे, असं गिऱ्हाइकांना वाटे. मला तेच बरं होतं. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. यांना मात्र ते डाचायचं.

"किती दिवस लपून बसशीन वं?"

"बसू द्या ना. पोट भरून राह्यलं न?"

"पोट तं ढोरं ओढूनही भरत होतं."

यावर मी पुढचा आलू सोलायला घेई.

आलू दोन तऱ्हेचे असत. एक, शेगडीखालच्या राखेत सालीसकट भाजलेले. आमच्या हातचं न खाणाऱ्यांनाही हे आलू चालले असते, कारण त्यांना पाणी लागलेलं नसे आणि साल ज्याची त्याने काढायची असे. दुसरे, उकडून, सोलून, हिरव्या मिरच्या-लसणासोबत पाट्यावर ठेचलेले. त्यात कच्चा कांदा, जवसाचं तेल आणि वरून लिंबू. त्यांना पाणी आमचं आणि हातही आमचा, म्हणजे कळलं असतं तर ते कोणाला चालले नसते. आणि लोक बोटं चाटत ते याच आलूंसाठी.

"बेटी, तेरे आलू के वास्ते लोग मेरा गोश्त खाते," चाचा म्हणत.

पळसाचा द्रोण भरून मी आतच ठेवायची आणि हे हात घालून तो बाहेर घ्यायचे. माझा हात बाहेर दिसू द्यायचा नाही, असं ठरलेलं होतं. पण एका बाजारी कोळसा संपला आणि हे आणायला गेले. चाचांच्या दोन्ही हातांत सळया होत्या. बाहेर पाटलाचा पुतण्या उभा होता. त्याचा आवाज मी ओळखून होते. कितीतरी बाजार तो आमच्याकडे खात होता.

"पोरी, आलू दे न वं! कबाब थंडे होऊन राह्यले!"

तो ओरडतच राहिला. मी घाबरून द्रोण बाहेर सरकवला. माझ्या मनगटावर हिरवा विंचू गोंदलेला आहे.

"मुसलमानाच्या पोरीच्या हाताले गोंदण कुठून आलं बे?"

त्याने मनगट धरून मला ओढलं. गोणपाटाची दोरी तुटली, ते शेगडीवर पडलं आणि पेटलं. मी त्याच्या पायाशी मातीत पडले होते. त्याने मला ओळखलं.

"हे तं आमच्या गावची! हिच्या नवऱ्याचे दात म्याच पाडले!"

गर्दीतून कोणीतरी हसलं, "म्हणजे इतके दिवस तू हिच्याच हातचं खाऊन राह्यला होता का?"

ते हसणं त्याला सोसलं नाही. त्याने घशात बोटं घातली, पण काही बाहेर आलं नाही. मग त्याने माझं मनगट कोळशांवर दाबलं. मांस भाजताना जो आवाज येतो तोच आवाज आला, आणि वासही तोच. चाचांनी तापलेली सळई त्याच्या कानाखाली ओढली तेव्हा त्याने मला सोडलं. त्याच्यासोबतचे गडी काठ्या घेऊन चाचांवर तुटून पडले. चाचांचं डोकं फुटून रक्त दाढीत उतरलं.

एवढ्यात हे आले. कोळशाचं पोतं टाकून यांनी मांस तोडायचा सत्तूर उचलला. यांचे डोळे मी पाहिले. तो सत्तूर पडला असता तर हे फासावर गेले असते. मी चांगल्या हाताने उकळतं भगोनं ओढलं आणि आलूंसकट पुतण्याच्या पायांवर उलटं केलं. तो किंचाळत, नाचत पळाला. यांच्या हातावर मागून काठी बसली, हाड मोडलं आणि सत्तूर मातीत पडला. आपल्या धन्यालाच पळताना पाहून गडीही पांगले.

पुतण्याने तक्रार केली नाही. करायची तर आपण कोणाच्या हातचं खाल्लं, हे त्याला सांगावं लागलं असतं.

पुढच्या बाजारी चाचा डोक्याला फडकं बांधून आले. यांचा हात गळ्यात होता. "दुसरा बोरा बांध देता हूं," चाचा नवं गोणपाट उलगडत म्हणाले.

"नको, चाचा."

"तो फिर भुने हुएच रख. वो तो लोग लेंगे."

मी राखेत एकही आलू टाकला नाही. उघड्यावर तीन दगड मांडले, भगोनं चढवलं आणि सगळ्यांसमोर सोलायला बसले. भाजलेलं मनगट वळत नव्हतं, साली जाड निघत होत्या. माणसं दूर उभी राहून बघत. एक म्हातारा बंडीवाला जवळ आला.

"भाजलेले दे, माय. सालीवाले."

"भाजलेले नाहीत. उकडलेले हायेत," मी म्हणाले. "माह्या हातचे."

बाजारात मी मोठ्याने बोलले ती पहिली वेळ. त्याने कबाबाकडे पाहिलं, भगोन्याकडे पाहिलं, माझ्या फडकं बांधलेल्या मनगटाकडे पाहिलं.

"तिखट हायेत का?"

"हायेत."

"मंग दे."

तो तिथेच उकिडवा बसून खाऊ लागला. दूर उभे होते त्यांतले काही निघून गेले, काही थांबले. त्या दिवशी अर्धं गोश्त विकलं न जाता उरलं. ते आम्ही आणि चाचांनी मिळून खाल्लं. चाचा स्वतः यांना घास भरवत होते, कारण मोडलेला हात उजवा होता.