टाकीतला पांढरा उजेड

मॅनहोलमधून वाकून पाहिलं तर खाली पांढरा उजेड होता. तिथे पिवळा असायला हवा होता.

मी घाबरलो. टॉर्चच्या उजेडाच्या रंगाने माणूस एवढा का घाबरतो, ते आधी सांगतो.

डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. शटडाऊन चालू होता, म्हणजे प्लांट बंद ठेवून साफसफाई आणि दुरुस्ती. सॉल्व्हंटची एक टाकी रिकामी करून धुतलेली होती. सॉल्व्हंट म्हणजे थिनरसारखं द्रव. त्याची वाफ हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली की एक ठिणगी पुरते. टाकी एखाद्या खोलीएवढी आणि आत जायला वरच्या बाजूला एकच भोक, तेच मॅनहोल. आत दशरथ म्हात्रे तळाचा गाळ खरवडत होता. दशरथ शीळ रोडकडच्या गावातला, पन्नाशीचा, टाक्या साफ करण्यातच केस पांढरे झालेला माणूस.

सकाळी मी स्वतः मीटर लावून आतली हवा तपासली होती. वाफ शून्य. मग परमिटवर, म्हणजे आत उतरायच्या परवान्यावर सही केली. त्यात एक प्रश्न असतो: टॉर्च फ्लेमप्रूफ आहे का? फ्लेमप्रूफ म्हणजे आत ठिणगी पडली तरी तिची धग बाहेरच्या वाफेला लागणार नाही अशी बंदिस्त बनावट, आणि तसा वर शिक्का. दशरथच्या कमरेला आमचा जुना फ्लेमप्रूफ टॉर्च लटकत होता. जाडजूड, बल्बवाला, उजेड पिवळा आणि मरतुकडा. मी 'होय'वर टिक केली. तसाही तो अडीअडचणीसाठीच होता, खरा उजेड वायरने आत सोडलेल्या फ्लेमप्रूफ हँडलॅम्पचा.

साडेअकराला लाइट गेली. हँडलॅम्प बंद, आत ताजी हवा ढकलणारा ब्लोअरही बंद. नियम साधा आहे. लाइट गेली की माणूस बाहेर. मी ऑफिसातून टाकीपाशी आलो, शिडी चढून वर गेलो. मॅनहोलपाशी पहाऱ्याला गुरव होता. त्याचं काम एकच, आतल्या माणसावरून नजर हटवायची नाही.

"दशरथ बाहेर नाही आला?"

"थोडंच राहिलंय म्हणाला साहेब. त्याच्या टॉर्चचा बल्ब उडाला, म्हणून माझा दिला."

माझा म्हणजे एलईडीचा, खिशात मावणारा, अ‍ॅल्युमिनियमचा, मागे रबराचं बटण असलेला. असे सहा टॉर्च कंपनीत आले होते आणि ते मीच निवडले होते. जुन्यांच्या उजेडात पायाखालचं दिसत नाही अशी सगळ्यांची तक्रार होती, ती खरीही होती. पॅनेलरूम आणि स्टोअरसाठी म्हणून मी एलईडी मागवले आणि वाटताना छोटंसं भाषणही ठोकलं. बल्बमध्ये तार तापून लाल होते, बल्ब फुटला तर ती उघडी पडते. एलईडी त्या मानाने थंड. म्हणून एलईडी बरा. हे सगळं बरोबर होतं. 'मात्र हे टाकीत न्यायचे नाहीत' हे वाक्य मी शेवटी टाकलं, तेव्हा लोक चहासाठी उठत होते.

स्विचबद्दल तर मी चकार शब्द काढला नव्हता. बटण दाबून जोडणी तुटते तेव्हा आतल्या आत बारीकशी ठिणगी पडते. टॉर्च बल्बचा असो की एलईडीचा. साध्या टॉर्चमध्ये तिला अडवायला काही नसतं.

तेवढ्यात गुरवच्या हातातलं मीटर वाजायला लागलं. त्याची नळी आत सोडलेली होती. आकडा अठरा. या मीटरवर शंभर म्हणजे ठिणगीची वाट पाहणारी हवा, आणि दहाच्या वर आत कोणी थांबायचं नाही. गाळ खरवडला की खाली अडकलेली वाफ सुटते, आणि ती उडवून लावणारा ब्लोअर बंद होता. शिवाय ही वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी बसते. नळी कमरेच्या उंचीवर लोंबत होती. दशरथ गुडघ्यांवर बसला होता. त्याच्याभोवती आकडा किती असेल, याचा विचार मी मुद्दाम केला नाही.

मी त्याला हाक मारणार, इतक्यात आमचे प्लांट मॅनेजर कुलकर्णी मागून वर आले. त्यांनी मीटर पाहिलं, भोकातून पांढरा उजेड पाहिला आणि ओरडले, "ए, आधी तो टॉर्च बंद कर!"

मी त्यांचा दंड धरून त्यांना मागे ओढलं. साहेबाच्या अंगाला हात लावायची माझी ती पहिली आणि शेवटची वेळ.

"दशरथ, बंद करू नको! बटणाला हात लावू नको!"

खालून आवाज आला, "नक्की काय करू साहेब? बंद करू का नको?"

त्याचा अंगठा बटणावर होता. मला वरून स्पष्ट दिसत होता.

"नको. अंगठा बाजूला घे. सावकाश."

त्याने अंगठा उचलला. कुलकर्णी माझ्या कानाशी म्हणाले, "अहो, आत गॅस आहे आणि तुम्ही लाइट चालू ठेवायला सांगताय?"

"सर, चालू आहे तोवर ठीक आहे. बंद करताना ठिणगी पडते."

हे मी ठामपणे म्हणालो. आतून मी ठाम नव्हतो. पुस्तकात वाचलेलं आणि आत माणूस असताना म्हटलेलं, यात फरक असतो.

मग गुरव हळूच म्हणाला, "साहेब, तो कधी कधी हलवला की लुकलुकतो."

म्हणजे आतली जोडणी सैल. म्हणजे बटण न दाबताही ठिणगी पडू शकते.

दशरथच्या अंगात पट्ट्यांचा हार्नेस होता आणि त्याचा दोर वर हाताने फिरवायच्या विंचला बांधलेला होता. टॉर्च खाली ठेवून ये म्हणावं तर तो सुटून पडायची भीती. अ‍ॅल्युमिनियम गंजक्या पत्र्यावर आपटलं तरी ठिणगी उडू शकते. शिडीने ये म्हणावं तर टॉर्चला हिसके बसणार.

"दशरथ, टॉर्च दोन्ही हातांनी छातीशी धर. हलवायचा नाही, सोडायचा नाही. शिडीला पाय लावू नको, आम्ही ओढतो."

"हात घामानं वले झालेत साहेब."

"मग घट्ट धर. बोट बटणाला लागू देऊ नको."

गुरव विंच फिरवू लागला. मीटर चोवीस. मीटर एकतीस. दशरथ तळापासून सुटला आणि दोरावर अर्धी गिरकी फिरला. मी मॅनहोलवर ओणवा होतो. काही झालं असतं तर ज्वाळा आधी माझ्या तोंडावर आली असती. आता हे लिहायला हरकत नाही. मी अर्धा फूट मागे सरकलो. मग लाज वाटली आणि परत पुढे झालो.

अर्ध्यावर उजेड लुकलुकला.

मी डोळे मिटले. विंचचा कटकट आवाज थांबला. गुरवचे हात थांबले होते.

"फिरव," मी म्हणालो.

डोळे उघडले तेव्हा उजेड स्थिर होता. आधी हेल्मेट वर आलं, मग खांदे. दशरथने टॉर्च माझ्या हातात दिला. तो अजून पेटलेला होता. मला वाटलं होतं त्यापेक्षा गरम लागला.

त्याला धरायला गुरव आणि कुलकर्णी होते, म्हणून मी टॉर्च घेऊन शिडी उतरलो. पोटाशी धरून, एकेक पायरी. ड्रम ठेवलेल्या यार्डाला लांबून वळसा घालून गेटबाहेर गेलो. रस्त्यापलीकडे उघड्यावर सिक्युरिटीची केबिन होती. तिथे वाफ यायचा प्रश्नच नव्हता. बटण दाबायला काहीच हरकत नव्हती. अंगठा ठेवला, पण दाबवेना. शेवटी टेबलावर ठेवला आणि सिक्युरिटीवाल्याला सांगितलं, याला कोणी हात लावायचा नाही. बॅटरी उतरून तो संध्याकाळी आपोआप विझला.

दुपारी कुलकर्णींच्या केबिनमध्ये रिपोर्ट भरायला बसलो. त्यात 'मूळ कारण' असा रकाना असतो.

"कामगाराचा निष्काळजीपणा," कुलकर्णी म्हणाले. "लिहा आणि मोकळे व्हा. उद्यापासून एलईडी बंद."

मी दशरथला बोलावून विचारलं, "तुला माहीत नव्हतं, की हा टॉर्च आत चालत नाही?"

तो उभाच राहिला. त्याने हात पाठीमागे घेतले होते.

"साहेब, तुमीच बोललेले ना, एलईडी थंड असतो. मना वाटला, जुन्यापेक्षा हाच बरा."

त्याला मी जायला सांगितलं. रकान्यात लिहिलं: सेफ्टी ऑफिसरने अर्धवट माहिती दिली. कुलकर्णींनी तो कागद वाचला आणि सही केली. एलईडी बंद झाले नाहीत. महिन्याभरात शिक्का असलेले, टाकीत चालणारे एलईडी आले.

आता निवृत्त झालोय. सोसायटीतली मंडळी अजून विचारतात, बल्बचा घेऊ की एलईडीचा? घरासाठी बेलाशक एलईडी घ्या, उजेड जास्त आणि बॅटरी पुरते. पण एखाद्या प्लांटवाल्याने हेच विचारलं, तर मी आधी त्यालाच विचारतो, तो बंद कुठे करणार?